डावा गुडघा

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी मागे वळून पाहिलं नव्हतं.

एरवी हे असं जाहीर करायचं काही कारण नव्हतं. पण बाबांना अग्नी दिल्यापासून दहाव्यापर्यंत बुऱ्हाणपुरातल्या आमच्या निम्म्या सिंधीपुऱ्याने, निंबोल्याहून आलेल्या भावकीने आणि बाबांच्या पेपर मिलमधल्या निवृत्त मित्रांनी मला हा एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून प्रत्येकाने मान अशी काही हलवली की माझं मलाच खरं वाटेनासं झालं. शेवटी हा प्रश्न खंडव्याच्या एका एमआरआय मशीनपुढे ठेवावा लागला. माणसाचा गुडघा तपासायला निघालेली गोष्ट तिथवर कशी पोचली, ते सांगते.

बाबांना मुलगा नाही, मी एकटीच. "वैजू, माझं सगळं तूच कर," असं त्यांनी दवाखान्यात सांगून ठेवलं होतं आणि मी "बरं" म्हटलं होतं. दूध आणायला सांगितल्यावर म्हणतात तसंच ते "बरं" होतं. त्यामुळे खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती मी फिरले, मडकं मी फोडलं, अग्नी मी दिला. भावकीतल्या काही लोकांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण अनंत गुरुजी म्हणाले, "मुलगी करू शकते. फक्त एकदा धरलं की दहाव्यापर्यंत सोडायचं नाही." मला ते बरं वाटलं. काहीतरी न सोडण्यासारखं माझ्याकडे उरलं होतं.

अग्नी देऊन निघताना मागे वळून पाहायचं नसतं, हे लहान मुलालाही माहीत असतं. मी तापीत अंघोळ केली आणि ओल्या साडीने घाटाच्या पायऱ्या चढायला लागले. समोर बघत. पायऱ्यांवर गाळ होता. डावा पाय त्या गाळात होता आणि उजवा वरच्या पायरीवर ठेवणार, तेवढ्यात मागून माझा चुलत भाऊ ललित ओरडला, "वैजूताई! मोबाईल!"

मोबाईल मी खाली पायरीवर विसरले होते. हाक डावीकडून आली, मी डावीकडे वळायला लागले. अर्धी वळले असेन नसेन, नियम आठवला आणि मी झटक्याने परत पुढे फिरले. सगळी फिरले, पाय सोडून. पाय गाळातच राहिला. आत काहीतरी सरकलं, मी खाली बसले, आणि साडीच्या आतून गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला आलेली दिसली. जिथे असायला नको तिथे. मी पाय सरळ केला तशी ती खाडकन जागेवर गेली. हे सगळं होताना मी एक शब्द बोलले नाही. ओरडले असते तर लोकांना वाटलं असतं, बाबांसाठी ओरडते आहे.

ललित धावत वर आला. "ताई, काय झालं?"

"गुडघा."

"मोबाईल सापडला," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत गुडघा कलिंगडासारखा झाला होता आणि बातमी माझ्या आधी पोचली होती. बातमी अशी होती की वैजूने मागे पाहिलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मी नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. भेटायला येणारी माणसं दारातून आत येताना फार अवघडलेली असत. चटईवर बसत, भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे बघत, "काय हे अचानक" म्हणत, आणि मग पुढे काय बोलावं ते कुणालाच सुचत नसे. आई काहीच बोलत नव्हती. तेवढ्यात कुणाची तरी नजर लोडावर ठेवलेल्या माझ्या पायाकडे जाई आणि सगळ्या खोलीचा जीव भांड्यात पडे. गेलेल्या माणसाबद्दल सल्ला देता येत नाही. गुडघ्याबद्दल येतो. गावात असा एकही माणूस नाही ज्याच्या आत्याच्या किंवा साडूच्या गुडघ्याला कधी काही झालेलं नाही.

शेजारच्या धुरपदाबाईंनी पहिल्याच दिवशी आंबेहळदीचा लेप सांगितला. त्यावर बाबांची धाकटी बहीण, रंभाआत्या, निंबोल्याहून येऊन बसली होती, ती म्हणाली, "सुतकात हळद कशी चालंल वं?"

"पोटात नाही चालत. गुडघ्याला चालते," धुरपदाबाई म्हणाल्या.

"गुडघा काय शेजाऱ्याच्या घरी राहतो का? त्यालेबी सुतकच हाये."

हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी हळद धुरपदाबाईंच्या घरी गरम करायची, त्यांच्याच वाटीत आणायची, त्यांनीच लावायची आणि आम्ही त्याकडे बघायचं नाही, असं ठरलं. दोन दिवस माझा पाय पिवळा होता आणि घरातले सगळे छताकडे बघून माझ्याशी बोलत होते. दापोऱ्याच्या कुणा हाडवैद्याचं तेलही केळीच्या ट्रकवरून आलं. त्याला वास असा होता की भेटायला आलेली माणसं लवकर उठू लागली. तेवढा त्याचा गुण आला.

पण रंभाआत्याला गुडघ्यापेक्षा मानेची काळजी होती. ती माझ्या उशाशी बसून हळूच विचारी, "पोरी, खरं सांग. पाहिलं ना तुनं?"

"नाही गं आत्या."

"जरा तरी?"

"नाही."

"मंग पाय काहून मुरगळला? मागं पाहनाऱ्याचाच मुरगळतो."

आत्याचा बाबांवर फार जीव होता. भावाला पुढच्या वाटेला कुणी मागे ओढू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते मला कळत होतं, म्हणूनच त्याचा राग येत नव्हता, म्हणूनच जास्त त्रास होत होता.

डॉक्टर निरंजन गावातच शनवारा भागात बसतात. तरुण आहेत, गंभीर आहेत, आणि एकदा बोलायला लागले की गुडघा हा विषय किती मोठा आहे ते समोरच्याला पटवून सोडतात. त्यांनी एक्स-रे काढले. पुढून, बाजूने, आणि गुडघा वाकवून वरून. वाकवताना मी जे बोलले ते सुतकात बोलायचं नसतं. एक्स-रेमध्ये वाटी आपल्या जागी शांतपणे बसलेली होती. जणू ती कधी कुठे गेलीच नव्हती.

"हाडं ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले.

सोबत आलेल्या ललितने तेवढंच ऐकलं आणि तेवढंच घरी सांगितलं. डॉक्टरांचं पुढचं वाक्य असं होतं की वाटी बाहेर जाऊन परत आली असेल तर एक्स-रेमध्ये ती जागेवरच दिसणार, तिला धरून ठेवणारं आतलं लिगामेंट तुटलं आहे का, हाडाला आतून मार लागला आहे का, कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरतो आहे का, हे एमआरआयशिवाय कळणार नाही, आणि ते कळेपर्यंत गुडघा वाकवायचा नाही, टेकवायचा तर मुळीच नाही. पण एवढं लांब वाक्य सिंधीपुऱ्यापर्यंत टिकत नाही.

"फोटोत काही निघालं नाही," अशी बातमी पसरली. मग माझ्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलली. धुरपदाबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "होतं असं. दुःख कुठंतरी उतरतंच. माझ्या जावेच्या कानात उतरलं होतं." मी भूगोलाची शिक्षिका आहे. शाळेत मला नकाशा न पाहता बोललेलं चालत नाही. आणि इथे माझा कलिंगडाएवढा गुडघा सगळ्यांच्या समोर असताना तो माझ्या मनात आहे असं सांगितलं जात होतं. मला रडू आलं असतं, पण मग ते गुडघ्यासाठी आहे असं वाटलं असतं. राहू दिलं.

त्या संध्याकाळी अनंत गुरुजी दहाव्याची तयारी सांगायला आले. तीळ, जव, दर्भ, तांदळाचं पीठ. सांगता सांगता त्यांची नजर लोडाकडे गेली.

"डावा का?"

"डावा."

गुरुजींनी तयारीची यादी तिथेच थांबवली. मग म्हणाले, "वैजयंती, देवाचं काम उजवा गुडघा टेकवून करतात. पितरांचं डावा."

"मोडायचाच होता तर उजवा मोडायचा," धुरपदाबाई हळहळल्या.

"खुर्चीवर बसून केलं तर?" मी विचारलं.

"खुर्चीवर बसून पूजा करणारे लोक मला बोलावतात, मी जातो. पण पिंडाला डावा गुडघा जमिनीला लागावा लागतो. नाहीतर ललित आहेच की. मुलगा नसला तरी पुतण्या आहे."

ललितने खाली पाहिलं. त्याला ते नको होतं असं नाही, हवं होतं असंही नाही. मोबाईलची हाक त्याचीच होती, त्यामुळे तो त्या दिवसांत कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हता. आत्या म्हणाली, "ते बरं राहील. मागं पाहिलेल्या हातानं कशाला?" आणि आई नेहमीसारखी भिंतीला टेकून गप्प होती.

मला पहिल्यांदाच भीती वाटली. एकदा धरलं की सोडायचं नाही, असं गुरुजीच म्हणाले होते. बाबांसाठी करायचं एवढं एकच काम शिल्लक होतं, आणि तेही गुडघ्याच्या वाटीबरोबर बाजूला सरकत चाललं होतं. मी म्हटलं, "एमआरआय करते. तुकडा वगैरे काही नसला तर मी गुडघा टेकवीन. दुखला तर दुखला." कोणाला ते पटलं नाही. पण सुतकातल्या माणसाशी वाद घालू नये असाही एक नियम आहे. तो त्या दिवशी प्रथमच माझ्या उपयोगी पडला.

गावातलं मशीन नेमकं त्या आठवड्यात बंद होतं. ललितचा एक मित्र भुसावळला होता, तिथे लगेच नंबर लागत होता. पण भुसावळला जायचं म्हणजे तापी ओलांडायची, आणि अग्नी देणाऱ्याने दहाव्याआधी नदी ओलांडायची नाही असं आत्याने सांगितलं. म्हणून खंडवा ठरलं. असीरगडचा घाट उतरून पुढे गेल्यावर एक पूल आला. आत्या मागच्या सीटवरून ओरडली, "थांबव! ही नदी हाये!"

ललितने गाडी थांबवली. भर उन्हात आम्ही तिघं पुलाच्या तोंडाशी. गुरुजींना फोन लावला.

"पाणी आहे का?" गुरुजींनी विचारलं.

ललित उतरून कठड्यावरून वाकून बघून आला. "नाही. म्हशी आहेत."

"म्हशी बसल्यात की उभ्या?"

"उभ्या."

"मग नाला समजा," गुरुजी म्हणाले. "बसलेल्या असत्या तर विचार करावा लागला असता."

सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं. मग कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "पिता का नाम?"

"लीलाधर."

"श्री लगाऊँ या स्वर्गीय?"

ललित म्हणाला, "स्वर्गीय."

तिने दोन-तीनदा बटणं दाबली. "वो ऑप्शन नहीं आ रहा. श्री ही रहने देती हूँ." मी हो म्हटलं. त्या एका कॉम्प्युटरमध्ये बाबा अजून श्री आहेत.

आत गेल्यावर टेक्निशियन रितेशने चिठ्ठी पाहिली, माझा पाय पाहिला, पुन्हा चिठ्ठी पाहिली. "मॅडम, इसमें तो राइट नी लिखा है."

डॉक्टरांच्या कंपाउंडरने घाईत उजवा लिहिला होता. मी म्हटलं, "अहो, दिसतंय ना कुठला सुजलाय ते?"

"दिखता है मॅडम, पण आपण दिखने पे नाय करत. लिखने पे करतो." रितेशची आई रावेरची, मराठी होती, असं नंतर कळलं. "दोन्ही करायचे का?"

आत्या म्हणाली, "उजवाबी करून टाक. पुढं कामाला येईल."

बुऱ्हाणपूरला फोन झाला. कंपाउंडर जेवायला गेला होता. डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यात होते. शेवटी दुरुस्त केलेल्या चिठ्ठीचा फोटो आला. तोवर माझा नंबर दोन कंबरा आणि एका मानेच्या मागे गेला होता.

मग रितेशने हातातलं धातू शोधायचं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. बांगड्या नव्हत्या, कानातलं घरी ठेवलं होतं, अंगात आईचा सुती गाऊन, त्याला कापडी बंद. यंत्र गुडघ्याजवळ गेलं आणि ओरडलं.

"मॅडम, पैर में रॉड है क्या?"

"नाही."

पुन्हा फिरवलं. पुन्हा ओरडलं. "प्लेट? स्क्रू?"

"अहो, काही नाही."

"मॅडम, याद करो. बचपन में कुछ हुआ होगा."

मी आयुष्यभराच्या पडण्या-झडण्या आठवत असताना बाकावरून आत्या शांतपणे म्हणाली, "खिळा हाये."

आम्ही तिघं तिच्याकडे बघायला लागलो.

"बैलाच्या नालेचा. गाऊनच्या शिवनीत घातला मी काल. अग्नी देनारानं लोखंडाबिगर राहू नये."

रितेश पांढरा पडला. त्याने सांगितलं की हे मशीन म्हणजे केवढातरी मोठा चुंबक आहे, आत खिळा गेला तर तो शिवण फाडून गोळीसारखा सुटेल. आत्याने ऐकून घेतलं. "मंग मशीन बंद ठेव थोडा वेळ," ती म्हणाली. "तिच्या अंगावरचं लोखंड मी काढू देनार नाही. भाऊ गेला, आता पोरगीबी जाऊ देऊ का?"

हे ती रागाने बोलली नाही. तिच्या डोळ्यात पाणी होतं. तेव्हा ललित, ज्याने इतक्या दिवसांत एकही शहाणपणाची गोष्ट केली नव्हती, तो म्हणाला, "आत्या, ते मशीन बघ ना. खोलीएवढं. ते सगळं लोखंडच आहे. तू एक खिळा दिलास, ते तिला चारी बाजूंनी लोखंडात ठेवणार."

आत्याने काचेतून मशीनकडे बराच वेळ पाहिलं. मग दाताने शिवण उसवली, खिळा काढला आणि पदरात बांधला. "जा," ती म्हणाली. "एवढ्या लोखंडापाशी काही येत नाही."

आत गार होतं. रितेशने माझा पाय एका पिंजऱ्यासारख्या साच्यात ठेवला, कडेने उशा खोचल्या, कानांवर आवाज दाबायचे उशीदार हेडफोन लावले आणि सांगितलं, "हिलना नहीं, मॅडम. अगदी दगडासारखं." दार बंद झालं. मशीन ठोकल्यासारखं वाजायला लागलं.

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा एकटी होते. कोणी मान हलवत नव्हतं, कोणी लेप सांगत नव्हतं, आणि मी काय करते आहे ते कुणाला दिसत नव्हतं. मी काही ठरवलं नव्हतं. पाणी डोळ्यांतून निघून कानांकडे गेलं आणि कानांवरच्या त्या उशांनी ते पिऊन टाकलं. हात हलवायचा नव्हता म्हणून पुसलं नाही.

मशीन थांबलं. कानात रितेशचा आवाज आला, "मॅडम, पैर हिल रहा है. ये वाला फिर से लेना पडेगा."

"सॉरी."

"दर्द हो रहा है क्या?"

"हो."

काचेतून त्याला बहुतेक माझा चेहरा दिसत असावा. "ठीक है," तो म्हणाला. "पहले हो जाने दो. फिर लेंगे. आज आगे भीड़ नाहीये." ते खोटं होतं. बाहेर एक खांदा बसलेला होता, तो मी स्वतः पाहिला होता.

रिपोर्ट घेऊन आम्ही थेट डॉक्टर निरंजनकडे गेलो. ते फिल्म प्रकाशावर धरून इतका वेळ बघत राहिले की मला माझ्या गुडघ्याबद्दल आदर वाटू लागला.

"हे बघा दोन डाग," ते म्हणाले. "एक वाटीच्या आतल्या कडेला, एक मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला. वाटी परत येताना या दोघांची टक्कर झाली. हे दोन डाग एकत्र दिसले की वाटी बाहेर गेली होती यात शंका नाही. आणि हे आतल्या बाजूचं लिगामेंट, वाटीला धरून ठेवणारं. तुटलं आहे. मधली दोन्ही मोठी लिगामेंट्स शाबूत आहेत. सुटलेला तुकडा नाही."

ललितने मला हळूच विचारलं, "म्हणजे मनाचं नाही ना?"

"मनाचं असतं तर डाग पडला नसता," डॉक्टर म्हणाले. मला त्यांना नमस्कार करावासा वाटला.

आत्या पुढे सरकली. "डाक्टरसाहेब, एवढा मोठा फोटो काढला. त्यात दिसतं का, हिनं मागं पाहिलं का नाही ते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, फोटो गुडघ्याचा आहे. मानेचा नाही."

मग ललितने त्यांना सगळी हकीगत सांगितली. दुसरा कुणी डॉक्टर हसला असता. निरंजन डॉक्टर हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले, टेबलाच्या कडेला डावा पाय रोवून उभे राहिले आणि म्हणाले, "हाक कुठून आली?"

"डावीकडून. मागून."

ते डावीकडे वळले. मग उजवीकडे वळले. पुन्हा एकदा. बाहेर बसलेले पेशंट दारातून बघायला लागले. "अशी वाटी बहुतेकदा मांडी आत फिरल्यावर सुटते," ते म्हणाले. "डावा पाय रोवलेला असताना मांडी आत फिरते ती अंग उजवीकडे जाताना. म्हणजे यांना लागलं ते हाकेकडे वळताना नाही. हाकेपासून परत फिरताना."

आत्याला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "माझी माय. नाहीच पाहिलं व तुनं."

मी सुटले होते. पुराव्यानिशी, फिल्मसकट. सगळ्यांना आनंद झाला आणि मी त्या आनंदात गप्प बसून होते, कारण मला पाहायचं होतं. नियम नसता तर मी पाहिलं असतं, थांबले असते, परत खाली गेले असते. माझ्या सगळ्या अंगाला मागे जायचं होतं आणि मी ते ओढून पुढे आणलं, एवढंच त्या फिल्मवर होतं.

"मग दहाव्याला गुडघा टेकवू ना?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तुकडा नाही म्हणून ऑपरेशन नाही. लिगामेंट जुळेपर्यंत पट्टा लावून पाय सरळच ठेवायचा. टेकवलात तर वाटी पुन्हा जाईल, आणि मग ऑपरेशन."

मांडीपासून पोटरीपर्यंत निळा पट्टा आला. आत लोखंडी पट्ट्या होत्या. आत्याला तो फार आवडला.

गुरुजींना दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं. मागे पाहिलं नाही हे त्यांनी मान्य केलं. गुडघ्याबद्दल त्यांनी हात जोडले. "डॉक्टरांचं शास्त्र त्यांच्या जागी. माझ्या शास्त्रात खुर्ची नाही. ललित करेल, तू शेजारी बस. भाव तुझाच." ललितने नवं धोतर आणलेलं होतं. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं.

"गुडघा मी टेकवते," आई म्हणाली.

इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून आम्ही सगळे दचकलो. गुरुजींनाही नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात, सिंधूताई?"

"गुडघा हवा ना तुम्हाला? डावाच ना? तो माझा घ्या. हात तिचा राहू द्या."

"असं दोघांत वाटून कसं चालेल?"

"लग्नात मला कुठल्या बाजूला बसवलं होतं ह्यांच्या? तुमच्याच वडिलांनी बसवलं होतं."

"डाव्या," गुरुजी हळूहळू म्हणाले. "पत्नी ती वामांगी. डावं अंग तुमचंच." ते स्वतःशी पुटपुटत राहिले, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मग एखादा जुना हिशेब जुळावा तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला. "चालेल. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. पण विचारू नये."

दहाव्याला घाटावर मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची होती. माझा निळा पाय केळी भरायच्या कॅरेटवर. खुर्चीला खेटून खाली आई, डावा गुडघा दर्भावर टेकवून. गुरुजी सांगतील तसं ती पिंड उचलून माझ्या हातात देई, मी तिच्या हातावरून तीळ-पाणी सोडी. पाणी माझ्या अंगठ्यावरून तिच्या मनगटावर आणि तिथून खाली जाई. मधेच एकदा कॅरेट घसरलं आणि ललितने ते शेवटपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं, नव्या धोतरात, उकिडवा बसून. बाबांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझा आवाज गेला. आईने घेतलं. बाईने नवऱ्याचं नाव असं मोठ्याने घेतलेलं आत्याला आवडलं नसावं. कावळा लगेच शिवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विधी संपला. माणसं उठली, कपडे झटकू लागली. आई उठली नाही. तिने डावा हात बाजूला वर धरला आणि तशीच बसून राहिली.

तिचे गुडघे बऱ्याच वर्षांपासून धरलेले आहेत. ती कुठेही खाली बसली, देवापुढे, भाजी निवडायला, लग्नाच्या पंगतीत, की बाबा कुठूनतरी येऊन तिच्या डावीकडे उभे राहायचे आणि हात द्यायचे. ही गोष्ट आमच्या घरात इतकी रोजची होती की मी ती कधी पाहिलीच नव्हती. आता तो हात वर होता आणि तिथे कोणी नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, पण तिने हात खाली घेतला नाही.

ललितने कॅरेट सोडून तो हात धरला आणि ओढला.

"हळू रे," आई म्हणाली. "ते आधी विचारायचे."

"काय विचारायचे, काकू?"

मला माहीत होतं. मी खुर्चीतून वाकले, पट्टा मांडीत रुतला, आणि तिचा हात ललितकडून माझ्या हातात घेतला.

"उठायचं?" मी विचारलं.

तिने नदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"थांब जरा," ती म्हणाली.

गुरुजी पिशवी खांद्याला लावून निघाले होते, ते परत येऊन पायरीवर टेकले. ललित खाली बसला. आत्या बसली. आम्ही सगळे थांबलो.